लंगडीच्या सामन्यातली हरकत

"सुभद्रा, माझं घड्याळ ठेव."

"आणि ह्या बांगड्या. फुटल्या तर सासू महिनाभर ऐकवेल."

"चपला जरा सावलीत सरकव गं, नव्या आहेत."

मी कडुनिंबाखाली बसले होते आणि माझ्यापुढं चपलांची रांग लागली होती. मांडीवर रुमाल पसरलेला. त्यात पाच घड्याळं, डझनभर बांगड्या आणि एक नथ. लंगडी खेळायला येताना नथ कोण घालून येतं? आमच्या आवटेबाई. बक्षीस घेताना फोटो काढतात, म्हणून.

ही सत्त्याण्णव सालच्या जानेवारीतली गोष्ट. जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांच्या क्रीडास्पर्धा दर वर्षी जिल्ह्याच्या गावी भरायच्या. ग्रामसेवक, शिक्षक, नर्सबाई, कारकून, सगळे आपापल्या तालुक्याकडून खेळायचे. पुरुषांना कबड्डी नि क्रिकेट. बायकांना संगीत खुर्ची, लिंबू-चमचा आणि लंगडी. पहिल्या दोन प्रकारांत कुणी रडत नसे, पण लंगडी हरली की बायका वर्षभर एकमेकींशी धड बोलत नसत. आमचा पालवणी तालुका त्या वर्षी पहिल्यांदाच अंतिम सामन्याला पोचला होता. समोर मांजरवाडी. त्या गेली चार वर्षं ढाल घेऊन जात होत्या.

मी पंचायत समितीत आवक-जावक विभागाला कारकून. आलेल्या कागदावर शिक्का मारायचा, नंबर टाकायचा, ज्याचा त्याला पोचवायचा. वय एकतीस. माझा उजवा पाय गुडघ्याखाली नाही. नऊ वर्षांची असताना चालत्या ट्रॉलीतून उसाचं कांडं ओढायला गेले; कांडं हातात आलं नि मी चाकाखाली. पुढं नोकरी लागली तीही अपंगांच्या जागेवर. पण पहिल्या पगाराच्या आधीच मी जयपूरचा पाय बसवून घेतला होता आणि त्यावर अशी चालायला शिकले होते की नवीन आलेल्या माणसाला वाटायचं, बाईंच्या पायाला ठेच लागली असेल. ऑफिसात माहीत सगळ्यांना होतं. पाहिलं मात्र कुणी नव्हतं. सात वर्षांत एकदाही नाही. तेवढं मी जपलं होतं.

संघाबरोबर मी आले होते ती गुण लिहायला नि सामान सांभाळायला.

सामना साडेतीनला होता. तीनला आवटेबाई माझ्याकडं आल्या. शैलजा आवटे आमच्या कर्णधार, नोकरीनं ग्रामसेविका. आवाज असा की ग्रामसभेला माईक लागत नसे. पण आता त्या हळू बोलत होत्या, म्हणजे काहीतरी बिघडलं होतं.

"शोभनाचा घोटा टम्म सुजलाय. सकाळच्या सामन्यात मुरगळलेला. उभं राहवत नाही तिला."

"मग राखीव खेळाडू?"

"तिच्या उपकेंद्रात बाळंतपण अडलं म्हणून दुपारीच निघून गेली. आठ जणी उरलो. नऊ नसल्या तर सामना सोडावा लागतो."

मी म्हटलं, "अरेरे."

"अरेरे काय? तुझं नाव देते."

मी खाली माझ्या पायाकडं पाहिलं.

"अगं, तुला काही करायचं नाही," त्या घाईघाईनं म्हणाल्या. "नुसती नावाला उभी राहा. त्यांची लंगडी आली की पहिल्यांदा तू बाद हो नि बाहेर बस. आपल्या वेळेला आम्ही आठ जणी आहोतच. तुला कोण पळायला सांगतंय?"

ह्यात त्यांचा वाईट हेतू काडीचा नव्हता. आमच्या संघाला पोचायला चार वर्षं लागली होती. मी हो म्हटलं. रुमालाची गाठ मारून शोभनाच्या हातात दिली. ती माझ्या जागी बसली, मी तिच्या जागी उठले. चालताना मात्र नेहमीपेक्षा जास्त सरळ चालले.

लंगडीचे नियम सगळ्यांनी लहानपणी खेळून पाठ केलेले असतात, तरी सांगते. चौकोनी मैदान आखलेलं. एका संघाची एक बाई एका पायावर लंगडी घालत आत शिरते, दुसऱ्या संघाच्या तिघी आत दोन्ही पायांनी पळतात. तिनं जिला शिवलं ती बाद, तिच्या जागी पुढची आत. पण लंगडी घालणारीचा वर धरलेला पाय टेकला, की ती स्वतः बाद आणि तिच्या जागी पुढची. नऊ मिनिटांचा एक डाव, दोन्ही संघांना दोन-दोन डाव. ज्यांनी जास्त गडी टिपले ते जिंकले.

नाणेफेक मांजरवाडीनं जिंकली आणि त्यांची कर्णधार स्वतः आत आली. हेमलता निंबाळकर. प्राथमिक शाळेत बाई, पूर्वी खो-खो खेळायला राज्यभर हिंडलेली. उंच, सडसडीत, चेहऱ्यावर हसू नावाला नाही. ठरल्याप्रमाणं मी पहिल्याच मिनिटात बाद झाले. रेषेबाहेर येऊन बसले. नऊ मिनिटांत त्यांनी आमचे बारा गडी टिपले. एकदा बाद झालेल्या पुन्हा फिरून आत येतात, पण माझी पाळी पुन्हा आली तेव्हा आवटेबाईंनी मला हातानंच "बस, बस" केलं.

मग आमचा डाव आला.

काय सांगू तुम्हाला! सकाळच्या सामन्यानं आमच्या बायका इतक्या थकल्या होत्या की एकीचीही लंगडी पाऊण मिनिटावर टिकेना. एक आत जाते, चार उड्या मारते, तिचा पाय टेकतो, शिट्टी. दुसरी जाते, कोपऱ्यात घेरायला बघते, तोल जातो, शिट्टी. मांजरवाडीच्या मुली चौकोनात नुसत्या झुळुकेसारख्या फिरत होत्या. सहा मिनिटं व्हायला आली, आमचे पाच गडी. आठव्या होत्या आवटेबाई. त्या दणदणत आत गेल्या आणि एकीलाही न शिवता दणदणत परत आल्या.

"संपले ना तुमचे?" पंच म्हणाले. दुंडाप्पा मगदूम सर. हायस्कुलातून निवृत्त झालेले पीटीचे मास्तर. "नववी बाई आहेत ना? का डाव सोडताय?"

आवटेबाई कमरेवर हात ठेवून धापा टाकत होत्या. "सोडतो सर, काय..."

"मी जाते," मी म्हटलं.

"अगं, कुठं जातेस? त्या पायावर लंगडी घालशील व्हय?"

"त्या पायावर नाही."

मी रेषेजवळ खाली बसले. त्या दिवशी पंजाबी ड्रेस घातलेला, ते बरं झालं. सलवार वर सारली. गुडघ्यावरचा पट्टा सोडला. बक्कल लवकर निघेना. भोवतीचा आवाज हळूहळू कमी होत गेला, मग एकदम बंद झाला. मैदानाकडेला चारशे-पाचशे माणसं असतील. त्या सगळ्यांच्या देखत मी पाय काढला, सलवारीच्या रिकाम्या भागाला गुडघ्याखाली गाठ मारली आणि पाय कडुनिंबाखाली शोभनाकडं नेऊन द्या म्हटलं. तिनं तो चपलांच्या रांगेत नीट उभा करून ठेवला. माझी चप्पल त्यात होतीच.

मग उठून उभी राहिले आणि आत गेले.

आता एक गोष्ट ऑफिसात कुणालाच माहीत नव्हती. तो पाय मी घरी घालतच नसे. सकाळी उठल्यापासून ऑफिसची वेळ होईपर्यंत आणि संध्याकाळी घरी आल्यापासून झोपेपर्यंत मी एकाच पायावर. मोरीत, स्वयंपाकघरात, अंगणात, माडीच्या जिन्यावरसुद्धा. बावीस वर्षं. आडावरचं पाणी मी कळशी कमरेवर घेऊन आणायची. त्यात एक युक्ती असते. उंच उड्या मारल्या तर पाणी डुचमळतं नि निम्मं अंगावर सांडतं. म्हणून जमिनीलगत, छोट्या छोट्या उड्यांनी सरकत जायचं. माझ्या डाव्या पायाची पोटरी पाहिली असती, तर तालमीतल्या पैलवानानंही मान डोलावली असती.

मांजरवाडीच्या तीन मुली आत होत्या. मी येताना त्या जागीच उभ्या राहिल्या. पहिलीच्या तोंडावर तर असा कळवळा होता, की मी जवळ गेले नि तिच्या दंडाला शिवले, तरी तिला कळेना की आपण बाद झालो.

"बाद!" मगदूम सर ओरडले. तेव्हा कुठं बाकीच्या दोघी पळाल्या.

दुसरी उजवीकडं पळाली. मी टाचेवर गर्रकन वळले, तिला कोपऱ्यात धरली. तिसरीला मधोमध. बाद झालेल्यांच्या जागी पुढच्या तीन आत आल्या होत्या. त्या मात्र सावध होत्या. तरी त्यांतली एक टिपली. कुणीतरी शिट्टी मारली, कुणीतरी "आगं बया!" म्हणून ओरडलं, आणि आमच्या बायकांना वाचा फुटली. आवटेबाईंचा आवाज मांजरवाडी तालुक्यात त्यांच्या घरोघर ऐकू गेला असेल. तीन मिनिटं मी आत होते. मला बाद कुणी करू शकलं नाही. वेळ संपली म्हणूनच मी थांबले. चार गडी.

बाहेर येते न येते तोच निंबाळकरबाई मगदूम सरांसमोर उभ्या होत्या.

"सर, माझी हरकत आहे."

"कशाबद्दल?"

"ह्या बाद कशा होणार? वर धरलेला पाय टेकला की बाद, असा नियम आहे. ह्यांना टेकायला पायच नाही. मग ह्या बादच होणार नाहीत!"

मगदूम सरांनी खिशातून नियमांचं चोपडं काढलं. चष्मा लावला. पानं उलटली. "दुसरा पाय जमिनीस टेकता कामा नये," त्यांनी वाचलं. मग माझ्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. "टेकत नाही खरा."

कडेनं हशा पिकला.

"हसण्यासारखं काय आहे?" निंबाळकरबाई भडकल्या. "आम्हाला एक पाय वर उचलून धरावा लागतो. त्याचं वजन असतं. तो लोंबकळतो, तोल घालवतो. ह्यांना ते काहीच नाही. हा काय बरोबरीचा सामना झाला?"

"पळायच्या वेळेला बरोबरी आहे का?" आवटेबाई मधे पडल्या. "तुमच्या पळणार दोन पायांवर, ती पळणार एका पायावर. तेव्हा कुठं गेली तुमची बरोबरी?"

"पळायच्या वेळेला तुम्ही तिला बसवूनच ठेवलंत की! मी बघितलं नाही काय?"

ह्यावर आवटेबाई आखलेली रेष पायानं उकरायला लागल्या.

एवढ्यात आमचे गटविकास अधिकारी गुळवणी साहेब पुढं आले. मोठा भला माणूस. त्यांनी मला कधी दोनदा हाक मारली नाही, की जिना चढायला लावला नाही. ते हात जोडून म्हणाले, "निंबाळकर मॅडम, जाऊ द्या ना. बिचारीला खेळू द्या. शेवटी खेळच आहे. तिचं मन मोडू नका."

निंबाळकरबाई गर्रकन वळल्या.

"बिचारी? साहेब, ह्या बिचारीनं तीन मिनिटांत माझ्या चार मुली बाद केल्यात! राज्यभर खेळलेय मी. अशी लंगडी मी कुठं बघितली नाही. आणि तुम्ही बिचारी काय म्हणताय?"

साहेब दोन पावलं मागं सरले. मी सलवारीची गाठ पुन्हा घट्ट केली.

मगदूम सरांनी शिट्टीनं डोकं खाजवलं. "तोंडी हरकत चालत नाही, बाई. लेखी द्या. सामना झाल्यावर समिती बसेल नि ठरवेल. तोवर खेळ चालू."

"देते लेखी." आणि त्या खरंच कागद मागायला गेल्या.

मी सरांना म्हटलं, "सर, त्यांचं एक म्हणणं बरोबर आहे. मला बाद करायला काहीतरी पाहिजे. माझा हात टेकला, गुडघा टेकला, सलवारीची गाठ टेकली, काहीही टेकलं तरी बाद धरा."

"बाकीच्यांना हात टेकला तर बाद नाही धरत."

"मला धरा."

सरांनी चोपडं मिटलं. "बरं."

मांजरवाडीच्या दुसऱ्या डावात आवटेबाईंनी मला "बस" म्हटलं नाही. हळूच विचारलं, "उभी राहतेस?" मी राहिले. दोनदा आत गेले, दोनदा बाद झाले, पण दुसऱ्या खेपेला निंबाळकरबाईंना मी पूर्ण एक मिनिट फिरवलं. आम्ही दोघीही एका पायावर. त्यांनी मला शिवलं तेव्हा त्यांचा श्वास माझ्या कानाशी फुसफुसत होता.

त्यांचे एकूण झाले बावीस. आमचे नऊ. शेवटचा डाव आमचा, आणि बरोबरीला तेरा गडी हवे होते.

आवटेबाईंनी या वेळी डोकं चालवलं. मला शेवटी ठेवलं. बाकीच्या आठ जणींना काय झालं कोण जाणे. मघाच्या त्याच पायांत कुठून बळ आलं. आठ गडी टिपले त्यांनी. अडीच मिनिटं उरली असताना मी आत गेले. पाच हवे होते.

पहिली, दुसरी, तिसरी. मांजरवाडीच्या मुलींनी आता मला ओळखलं होतं. सरळ पळत नव्हत्या, सारख्या दिशा बदलत होत्या, मला वळायला लावत होत्या. एकच पाय वापरणाऱ्याला वळणं महाग पडतं, हे निंबाळकरबाईंनी बाहेरून अचूक हेरलं होतं. पोटरीत गोळा यायला लागला. चौथी रेषेबाहेर गेली नि आपोआप बाद झाली. अर्धं मिनिट उरलं. बरोबरीला एक हवी होती. आत आली हेमलता निंबाळकर.

ती पळाली नाही. माझ्यासमोर हातभर अंतरावर उभी राहिली, गुडघ्यांत वाकून, डोळे माझ्या पायाच्या पंजावर. मी डावीकडं झेपावले, ती उजवीकडं. मी वळले, ती नव्हतीच तिथं. तिसऱ्यांदा मी जमिनीलगत सरकायचं सोडून उंच उडी घेतली. आयुष्यभर जे टाळलं तेच केलं. बोटं तिच्या ओढणीच्या टोकाला लागली की नाही, आजही सांगता येणार नाही. पण खाली आले ती तोल जाऊन, आणि पडू नये म्हणून उजवा हात टेकला.

"हात!" ती सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशी ओरडली. "सर, हात टेकला! बाद!"

सरांनी शिट्टी फुंकली. दहा सेकंद उरले होते, पण आत जायला आमच्याकडं कुणी उरली नव्हती. एका गड्यानं हरलो.

मी धुळीत तशीच बसले होते. निंबाळकरबाईंनी हात पुढं केला आणि मला खेचून उभं केलं.

"काय दमवलंस गं," त्या म्हणाल्या. 'अहो'वरून 'गं'वर कधी आल्या, त्यांचं त्यांनाही कळलं नसावं. "रोज सराव करतेस?"

"पाणी भरते," मी म्हटलं.

त्यांना काही उलगडा झाला नाही.

पंधरा मिनिटांनी टेबलाशी सगळे जमले. ढाल, हार, फोटोवाला. आवटेबाईंनी हरूनसुद्धा नथ घातली होती. मगदूम सर कागद चाळत म्हणाले, "ही एक हरकत आलेली आहे मांजरवाडीची. समितीपुढं ठेवायची का?"

निंबाळकरबाई ओशाळल्या. "नको सर. आम्ही जिंकलो, आता कशाला? द्या तो कागद, फाडून टाकते." मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "मनात ठेवू नकोस. रागाच्या भरात लिहिलं."

"फाडू नका," मी म्हटलं.

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी पाय अजून घातला नव्हता. खुर्चीवर बसलेल्या शोभनाच्या खांद्यावर हात ठेवून उभी होते.

"आलेला कागद परत देत नसतात," मी म्हटलं. "आवक झाली म्हणजे झाली. सर, जरा वाचून दाखवता?"

"सुभद्रा, कशाला वाढवतेस?" आवटेबाई कुजबुजल्या. त्यांना वाटलं, मी समोरच्या बाईला चारचौघांत खाली बघायला लावणार. निंबाळकरबाईंनाही तेच वाटलं असणार, कारण त्यांची मान ताठ झाली.

मगदूम सरांनी चष्मा लावला. "सदर सामन्यात पालवणी संघाकडून खेळणाऱ्या श्रीमती सुभद्रा कुंभार यांना उजवा पाय नसल्याने त्यांना इतर सर्व खेळाडूंच्या तुलनेत अनुचित फायदा मिळत असून त्यांच्यासमोर खेळणे आमच्या खेळाडूंना अवघड जात आहे. तरी त्यांना रोखण्यात यावे, ही विनंती. कळावे."

कुणी हसलं नाही.

"मला ह्याची नक्कल मिळेल का?" मी विचारलं.

"कशाला हो?" सर म्हणाले.

मी काय सांगणार? माझ्या घरी पत्र्याच्या पेटीत माझे सगळे सरकारी कागद आहेत. जिल्हा रुग्णालयाचा दाखला, त्यावर टक्के लिहिलेले. नोकरीचा आदेश, त्यावर प्रवर्ग लिहिलेला. एसटीच्या सवलतीचं ओळखपत्र. प्रत्येक कागदावर मी इतरांपेक्षा किती कमी आहे, ते सही-शिक्क्यानिशी लिहिलंय. मी रोज दीडशे कागद हाताळते. कमी किती हे सांगणारा कागद कसा दिसतो, मला पाठ आहे. आणि हा एक कागद आला होता, त्यात एका राज्य खेळाडूनं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, की ही बाई आमच्यापेक्षा भारी पडतेय, हिला आवरा.

एवढं सगळं मी तिथं बोलले नाही. म्हटलं, "असू दे. ठेवते जवळ."

निंबाळकरबाईंनी सरांच्या हातातून कागद घेतला, टेबलावर ठेवला आणि स्वतः बसून त्याची दुसरी प्रत लिहिली. शाळेच्या फळ्यावर लिहिणाऱ्या बाईंचं ते सुरेख, गोल अक्षर. खाली सही केली, तारीख घातली. मला देताना एवढंच म्हणाल्या, "पुढच्या वर्षी बघते."

परतीच्या जीपमध्ये मी पाय घातलाच नाही. पोटरी ठणकत होती. पाय शोभनाच्या सुजलेल्या पायाशेजारी बाकाखाली आडवा पडला होता. सोमवारी ऑफिसात घालून गेले, कारण जिना चढायला तो बराच सोयीचा आहे. दुपारी जेवायच्या सुट्टीत काढून टेबलाखाली ठेवला. चार दिवस लोकांनी पाहिलं. पाचव्या दिवशी कुणी पाहिलं नाही.

पुढच्या जानेवारीत आम्ही पुन्हा अंतिम सामन्याला पोचलो आणि समोर पुन्हा मांजरवाडी. मैदानावर उतरले तर त्यांच्या घोळक्यात मागं एक तेवीस-चोवीस वर्षांची मुलगी मान खाली घालून उभी. काखेत कुबडी, आणि डावा पाय मांडीपासून नाही.

"ही वैजयंता लवटे," निंबाळकरबाईंनी ओळख करून दिली. त्यांना पहिल्यांदाच हसू आवरत नव्हतं. "धनगरवस्तीवरच्या शाळेत शिकवते. अख्खा तालुका पालथा घातला मी. तीनदा हिच्या घरी गेले."

त्या पुढं गेल्यावर ती मुलगी मला हळूच म्हणाली, "मला यायचं नव्हतं हो बाई. एवढ्या लोकांसमोर... घरचे पण नको म्हणत होते."

"लंगडी येते का?"

"ओढा ओलांडून शाळेत जाते. दगडांवरून. कुबडी ओढ्यात निसटते म्हणून ती ह्या काठाला ठेवते."

मी तिच्या पोटरीकडं पाहिलं आणि आमचं काही खरं नाही, हे मला तेव्हाच कळलं.

मगदूम सरांनी आम्हा दोघींकडं पाहिलं. मग नियमांचं चोपडं न उघडताच खिशात घातलं आणि शिट्टी ओठांत धरली.

पहिली लंगडी त्यांची होती. वैजयंतानं कुबडी रेषेबाहेर ठेवली. क्षणभर तिनं गर्दीकडं पाहिलं, ओठ चावला, आणि आत शिरली. आत आम्ही तिघी होतो. बाकीच्या दोघींकडं तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. थेट माझ्यामागं आली. मी डावीकडं, ती डावीकडं. मी वळले, ती माझ्याआधी वळलेली. लोक उभे राहून ओरडत होते, काय ओरडत होते ते ऐकू येत नव्हतं. मला फक्त तिच्या पायाचा दगडावरून दगडावर पडल्यासारखा ठेका ऐकू येत होता, मागून, जवळ, आणखी जवळ. मग तिचा पंजा माझ्या पाठीत असा सणसणीत बसला, की मी दोन उड्या पुढं जाऊन कशीबशी थांबले.

"बाद!" सर ओरडले.

पाठ चोळत मी मागं वळून पाहिलं. तिला माझ्याकडं बघायला वेळ नव्हता. ती आवटेबाईंच्या मागं लागली होती.